बकलम ललिता

"आली का?" बाबांनी वाफ्यातूनच विचारलं.

"आली. पण आधी हात धुवा," ललिता म्हणाली.

मातीच्या हाताने वहीला शिवायचं नाही, हा नियम बाबांनीच केला होता आणि दर खेपेला तेच तो विसरत. त्यांनी फावडं बांधावर टेकवलं, वाहत्या पाटात हात बुडवले, धोतराच्या सोग्याला पुसले आणि कडुलिंबाखालच्या पोत्यावर येऊन बसले. शेजारी भागीरथा, ललिताची माय, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्यागार जुड्या बांधत होती. त्या वासाने सगळी सावली भरून गेली होती.

"झाली याहिची पंचायत सुरू," माय म्हणाली. "चार वाजता बंडी येते बाजाराची. इतवाऱ्यात कविता काही कोनी इकत घेत नाही म्हनलं."

"घेतीन," बाबा म्हणाले. "किलोभर वांग्यावर एक कविता फुकट."

"मंग वांगेई परत आनतीन लोकं."

बाबा हसले, पण त्यांचं लक्ष वहीकडे होतं. खाकी पुठ्ठ्याची, सुतळीने बांधलेली, चार गावांच्या टपालाचे शिक्के खाल्लेली ती वही ललिताच्या मांडीवर होती.

ही वही सुरू केली ती बार्शीटाकळीच्या नत्थुजींनी. तिथल्या टपाल कचेरीत ते पोस्टमास्तर होते. त्रेपन्न साली कधीतरी ते नातेवाइकाकडे अमरावतीला आले आणि इतवाऱ्याच्या बाजारात भाजी घेताना त्यांनी बाबांना तागडी धरून काहीतरी जुळवून म्हणताना ऐकलं. दोन मिनिटं उभे राहिले, आणि म्हणाले, "सूर्यभानजी, हे तुमचंच का?" बाबा लाजले. त्या दिवसापासून ते वहीत आले.

वही बार्शीटाकळीहून निघायची ती अकोल्याला श्रावणकडे. तो एका छापखान्यात जुळारी होता, खिळे जुळवायचा. तिथून हिवरखेडला सत्यभामाबाईंकडे. त्या दवाखान्यात नर्स. मग तिवशाला जानराव शिंप्याकडे, आणि शेवटी अमरावतीला. पाचांपैकी कोणाचीही ओळ कुठे छापून आलेली नव्हती. उजव्या पानावर कविता लिहायची, डावं पान बाकीच्यांच्या अभिप्रायाला कोरं ठेवायचं. आवडलं ते आधी लिहायचं, खटकलं ते मागून. लिहिलेलं कोणी खोडायचं नाही. आणि नत्थुजी पोस्टातले असल्यामुळे आणखी एक नियम होता: ज्याला लिहिता येत नाही त्याने मनिऑर्डरीवर देतात तसा कवितेखाली डाव्या हाताचा अंगठा द्यायचा, आणि लिहून देणाऱ्याने "सांगितल्याप्रमाणे लिहिले" असं म्हणून खाली आपलं नाव घालायचं.

बाबांना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे गेली नऊ वर्षं त्यांच्या प्रत्येक कवितेखाली एक जांभळा अंगठा होता आणि त्याच्याशेजारी वळणदार अक्षरात: सांगितल्याप्रमाणे लिहिले, बकलम ललिता.

"वाच नं," बाबा म्हणाले. "कसा काय म्हन्ते अकोला?"

ललिताने डावं पान उघडलं. मागच्या खेपेच्या कवितेवर सत्यभामाबाईंनी लिहिलं होतं की चाल गोड आहे. जानरावांनी लिहिलं होतं, उत्तम. श्रावणने मात्र चार ओळी लिहिल्या होत्या. त्यातल्या दोन तिने वाचल्या आणि दोन गाळल्या.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

बाबांनी मान हलवली. जमिनीवरची एक काडी उचलून ते माती उकरत राहिले. "त्याहिनं मांगे एकदा लेहेलं होतं नं, कपडे धुतलेले हायेत पन आतमंदी मानूस नाही म्हून? थे अजून लिहून राहिले असतीन, तू सांगत नसशीन."

"नाही हो बाबा."

"खरं हाये त्याहिचं. पाच सालं झाले, मी पाहून राहिलो मानूस कसा घालावा आतमंदी. माह्यानं जमलं नाही." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, एखादं बियाणं या जमिनीत उगवत नाही असं सांगावं तसं. "नत्थुजीले लेह्य, ही माही शेवटची. मंग नवं मानूस घ्या म्हना. आपली जागा अडवून काय करू?"

माय जुडी बांधता बांधता थांबली. ललिताने वहीतून डोकं वर काढलं नाही.

त्या वेळी तिला बोलता आलं असतं.

सुरुवात झाली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पहिलीच कविता बाबांनी कांद्याच्या पातीवर सांगितली. ललिता तेव्हा शाळेत पहिली यायची, वाचनालयातून दर शनिवारी पुस्तक आणायची, आणि पुस्तकातल्या एकाही कवितेत कांदा नव्हता. तिने पाहुण्यांपुढे जाताना बापाला धुतलेलं धोतर काढून द्यावं, तशा मायेने कांद्याच्या जागी निशिगंध घातला. वाफ्याचं उपवन केलं. बैलाच्या गळ्यातली घंटा काढून दूर कुठल्या देवळातला घंटानाद लिहिला. लिहून झाल्यावर बाबांनी विचारलं, "बराबर लेहेलं?" ती म्हणाली, "हो." त्यांनी वाचून न मागता अंगठा दिला.

मग ते तसंच होत गेलं. बाबा सांगायचे, ती ऐकायची आणि ऐकता ऐकताच डोक्यात बदलून कागदावर उतरवायची. मूळ शब्द कुठेच लिहिले गेले नाहीत. बाबा पुढची कविता जुळवायला लागले की मागची विसरून जात. वाफा उपटून झाला की त्यातलं पीक कोण लक्षात ठेवतो?

श्रावणने तो धुतलेल्या कपड्यांचा अभिप्राय लिहिला तेव्हा ती एकोणीसची होती आणि तिला रागच आला. अकोल्याच्या खिळे जुळवणाऱ्याला कवितेतलं काय कळतं? रागाच्या भरात तिने तो बाबांना जसाच्या तसा वाचून दाखवला. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला सांगितला, मग तिसऱ्यांदा.

त्याच वर्षी श्रावणची कविता वहीत आली होती. नागपूरच्या दीक्षेहून घरी आल्यावर त्याच्या मायने देव्हाऱ्याची फळी धुऊन वाळवली आणि त्यावर पोरांची पाटी-पुस्तकं मांडली, एवढीच. बाबांनी ती ऐकली. मग म्हणाले, "हा मानूस दिसते आतमंदी." ललितालाही तो दिसला. मॅट्रिक झालेली होतीच; त्यानंतर ती त्याच वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर नोकरीला लागली, चांगलंवाईट पुष्कळ वाचलं, आणि हळूहळू तिला सगळंच कळलं. माणूस कोणी बाहेर काढला होता तेही. पण तोवर पंधरा-सोळा कविता लिहून झाल्या होत्या. एकदम खरी कविता लिहिली असती तर चार गावांतल्या चार माणसांनी विचारलं असतं, मग याआधीच्या कोणाच्या? बाबांनीही विचारलं असतं. म्हणून ती लिहीत राहिली, तशाच.

"लेह्य आता," बाबा म्हणाले. त्यांनी डोळे अर्धवट मिटले आणि दोन बोटांनी मांडीवर ताल धरला.

"वांग्याचं फूल खालतं पाह्यते,
काट्याच्या घरात नांदते,
कोनी त्याले फूल म्हनत नाही
म्हून थे वांगं होते."

माय खुदकन हसली. "म्या तरी म्हनलं होतं का तुमाले कवा फूल?"

"म्हून तं असा झालो नं मी," बाबा म्हणाले.

तेवढ्यात रस्त्यावरून बंडीवाल्याची हाक आली. बाबा लगबगीने उठले, टोपल्या उचलू लागले, आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरले. "अंगठा राह्यला."

"अजून लिहून नाही झालं बाबा. उद्या द्या."

"उद्या तुले टपालात टाका लागन. दे इकडे." त्यांनी शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि कोऱ्या पानाच्या तळाशी जपून टेकवला. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, हे त्यांनी गावातल्या दहा जणांना शिकवलं होतं. "तू लेह्य मंग सावकाश," ते म्हणाले आणि गेले.

ललिताने ऊन उतरायच्या आत लिहून टाकलं. वांग्याच्या जागी पारिजात घातला. बाकी ओळी त्याच्या तोलाच्या केल्या: नतमस्तक, कंटक, महती. शाई वाळू दिली. अंगठ्याच्या शेजारी आपलं नाव घातलं. उद्या सांगू, असं तिने मनाशी म्हटलं. बाबा शेवटचीच म्हणतात, तर आता सांगून टाकायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी इतवाऱ्यात टोपली उतरवता उतरवता बाबा खाली बसले. शेजारच्या तानुबाईला वाटलं, दम खायला बसले. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा ते घेईनात.

*

वही ललिताने महिन्याभराने टपालात टाकली. सोबत बाबा गेल्याची दोन ओळींची चिठ्ठी. आठ दिवसांत नत्थुजींचं पोस्टकार्ड आलं. सूर्यभानजींची आठवण म्हणून त्यांच्या कवितांची छोटी पुस्तिका काढायची सगळ्यांनी ठरवलं आहे, श्रावण सुटीच्या दिवशी स्वतः जुळवणार आहे, पुढल्या रविवारी तुम्ही अकोल्याला यावं आणि एकदा नजर घालावी.

ललिताने ते मायला वाचून दाखवलं. हे मात्र तिने सगळं वाचलं.

"छापून येईन?" मायने विचारलं. "त्याहिचं नाव?"

"येईल."

मायने डोळ्याला पदर लावला नाही, काही नाही. उठून घरात गेली, भिंतीतल्या कोनाड्यातला दिवा-काडेपेटी दुसरीकडे ठेवली, कोनाडा ओल्या फडक्याने पुसला. "अठीसा ठेवीन," ती म्हणाली. "मले वाचता नाही आलं तं काय झालं. हात लावून पाहीन."

त्यानंतरचे आठ दिवस ललिता येता-जाता तो मोकळा कोनाडा पाहत होती. गप्प बसली तर त्यात पुस्तिका येईल. बोलली तर कसली येणार? मूळ कविता कुठे लिहिलेल्याच नव्हत्या.

रविवारी बडनेऱ्याहून गाडीने ती अकोल्याला गेली. छापखाना बंद होता. मालकाच्या परवानगीने मागचं दार उघडं होतं. आत शाईचा आणि रॉकेलचा वास. नत्थुजी धोतर-कोट घालून आले होते, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. सत्यभामाबाई हिवरखेडहून सकाळच्या एस.टी.ने आल्या होत्या. जानरावांना लग्नसराईमुळे येता आलं नव्हतं, पण त्यांनी पुस्तिकेवर घालायला म्हणून चार बोटं रुंद रेशमी फीत पाठवली होती. नऊ वर्षं एकमेकांची अक्षरं ओळखणारी ही माणसं एका खोलीत आज पहिल्यांदाच जमली होती, आणि ज्याच्यासाठी जमली तो नव्हता.

"तुमचं अक्षर पाहून मले वाटे, पोरगी उंच असन," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि तिला जवळ बसवून घेतलं.

श्रावण चाळिशीचा, सडसडीत, बोटं काळी. तो तिच्याकडे सरळ पाहत नव्हता. त्याने चहा दिला, मग ओल्या शाईचा एक कागद तिच्यापुढे ठेवला. पहिल्या पानावर बाबांचं नाव होतं. त्याखाली त्यांची शेवटची कविता.

"ताई," तो म्हणाला, "छापायच्या आधी मले एक बोलायचं हाये. मी तुमच्या वडलाले लय टोचून लेहेलं. आतमंदी मानूस नाही म्हनलं. लेहेताना वाटलं, खरं बोललं पाह्यजे. आता वाटते, मी कोन होतो? मानूस दिवसभर पानी ओलते, भाजी इकते, अन् उरल्या वेळात दोन ओळी जुळवते. त्याले मी असं... त्याहिले लागलं असन."

ललिताने चहाचा कप खाली ठेवला.

"लागलं होतं का?"

"हो," ती म्हणाली.

श्रावणने खाली पाहिलं. नत्थुजी घसा साफ करून म्हणाले, "अबे, आपन अभिप्राय देत होतो, काही वैर नव्हतं. सूर्यभानजी मोठ्या मनाचे होते. चाल, पुढचं पाहू."

"पुढचं म्हनजे एक बारीक गोष्ट हाये," श्रावण म्हणाला. तो आता कामाचं बोलत असल्यामुळे त्याला बरं वाटत होतं. त्याने कागदावर काळं बोट ठेवलं. "इथी लेहेलं हाये, कंटकात पारिजात. पारिजातकाले काटे नसतात नं? माह्या मायच्या दारात हाये झाड. दुसऱ्या कोनाचं असतं तं सोडून देल्लं असतं, पन सूर्यभानजी भाजीच्या वाडीतले. पुस्तक वाचनारे हसतीन त्याहिले. तुमी म्हनसान तं काटे काढून टाकतो. एका शब्दाचं काम हाये. कोनाले कळनार नाही."

"काढून टाका नं मंग," सत्यभामाबाई म्हणाल्या. "सांगताना चुकलं असन बिचाऱ्याहिचं."

ललिताने कागदाकडे पाहिलं. एक शब्द बदलला की झालं. सगळे तिच्या 'हो'ची वाट पाहत होते. तिला मायचे हात दिसले, कोनाडा पुसणारे. आणि तिला हेही दिसलं की आता ती गप्प बसली तर ज्या माणसाला बी पाहून झाड सांगता यायचं, त्याला पारिजातकाचे काटे माहीत नव्हते असं कायमचं ठरेल. आणि समोरचा हा माणूस जन्मभर आपण खोटं टोचलं म्हणून कुढत राहील, जेव्हा त्याने एकट्यानेच खरं ओळखलं होतं.

"त्यांचं चुकलं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"बाबांनी वांगं सांगितलं होतं. वांग्याला काटे असतात. पारिजात मी घातला." तिचा आवाज तिला परका वाटला, पण थांबत नव्हता. "सगळ्याच कवितांत घातलं. एकोणतीस कविता आहेत. सांगितल्याप्रमाणे लिहिले म्हणून मी एकोणतीस वेळा सही केली, आणि एकदाही सांगितल्याप्रमाणे लिहिलं नाही. त्यांनी कांदा सांगितला, मी निशिगंध लिहिला. मला कांद्याची लाज वाटायची. तुम्ही म्हणालात आत माणूस नाही, श्रावणभाऊ, ते बरोबर होतं. माणूस होता, मी काढला. ते पाच वर्षं शोधत राहिले, मी शेजारी बसून पाहिलं आणि बोलले नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा बोलले नाही."

सत्यभामाबाईंचा हात तिच्या पाठीवर होता. तो त्यांनी काढून घेतला, आणि थोड्या वेळाने परत ठेवला.

नत्थुजींनी टोपी उचलून डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या अंगठ्यांवर विश्वास ठेवला होता. "पोरी," ते एवढंच म्हणाले.

श्रावण उठला. जुळवलेल्या ओळींची चौकट त्याने टेबलावर ओढून घेतली, सुतळी सोडली, आणि खिळे एकेक करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायला लागला. टिक, टिक असा बारीक आवाज होत राहिला. सगळं पान मोकळं झालं. मग त्याने खिळे जुळवायची रिकामी पट्टी डाव्या हातात धरली आणि विचारलं,

"त्याहिनं काय सांगतलं होतं?"

ललिताने सांगितलं. वांग्याची कविता चारही ओळी, बाबांच्या तोंडच्या जशाच्या तशा. आयुष्यात पहिल्यांदा ती तशी बोलली. श्रावणची बोटं खणांवरून फिरत गेली. तिसऱ्या ओळीला बोटं थांबली आणि त्याने मान हलवली. सत्यभामाबाईंनी डोळे पुसले. नत्थुजी हळूच म्हणाले, "हाच तो, बाजारातला."

"आनखी?" श्रावणने विचारलं.

तिने आठवून पाहिलं. निशिगंध आठवत होता, उपवन आठवत होतं, सागराला मिळालेली सरिता आठवत होती. स्वतःच्या सगळ्या ओळी पाठ होत्या. त्यांच्या मागे जायला हवं होतं, आणि तिथे फार थोडं उरलं होतं. ती सरितेची कविता बाबांनी सांगितली तेव्हा ते पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत होते, फावड्याने माती ओढत आणि मान वर न करता. ती बांधावर बसली होती.

"एक आहे," ती म्हणाली.

"सांगा. सावकाश सांगा."

"पानी वळवता वळवता
दिस वळला,
माही उमर कोन्या वाफ्यात जिरली..."

श्रावणची बोटं चालत राहिली, मग थांबली. पट्टीवर पुढची जागा मोकळी ठेवून तो वाट पाहत होता.

"पुढं?"

"पुढं होतं," ललिता म्हणाली. "मी लिहिलं नाही."